मेंढवाटेची सीडी

माझ्या नोकरीची पहिली वर्षं खोकी बांधण्यात गेली आणि पुढची नकाशे बांधण्यात. बीदरजवळच्या कोळार औद्योगिक वसाहतीत मी एका कारखान्याच्या गोदामात पॅकिंगला होतो. तिथला मुकादम पहिल्याच आठवड्यात म्हणाला होता की, खोकं उघडणारा माणूस तुला काही विचारायला येऊ शकत नाही; त्याला जे विचारावंसं वाटेल ते आधीच आत घाल. पाना, नट, दोन जास्तीचे स्क्रू, कसं जोडायचं त्याचा कागद. नंतर मी संध्याकाळच्या वर्गात संगणक शिकलो आणि बीदरातल्या एका संस्थेच्या नकाशाखोलीत लागलो. घरच्यांना वाटलं, खोक्यांतून सुटला एकदाचा. मी काही सुटलो नव्हतो.

संस्था पाणलोटाची कामं करायची. म्हणजे उतारावर चर खणायचे, नाल्यावर बंधारे घालायचे, पाणी वाहून जाण्याआधी जमिनीत मुरवायचं. यातलं प्रत्येक काम आधी नकाशावर करावं लागे. नकाशा संगणकावर मी बनवायचा आणि मग तो दुसऱ्यांना पोचवायचा: गावच्या समितीला, तालुक्याला, मंजुरी देणाऱ्या साहेबांना. बनवण्यापेक्षा पोचवणं अवघड, हे बाहेरच्या माणसाला पटत नाही. म्हणून जरा उलगडून सांगतो.

संगणकावरचा नकाशा एकसंध नसतो. तो थरांचा असतो. एका थरात गावाच्या हद्दी, दुसऱ्यात नाले, तिसऱ्यात विहिरी, सगळ्यात खाली उपग्रहाने काढलेलं जमिनीचं चित्र. हे थर वेगवेगळ्या फायलींत, वेगवेगळ्या ठिकाणी पडलेले असतात. आणि ज्या फायलीला आपण ‘नकाशा’ म्हणून उघडतो, तिच्यात यातलं काहीच नसतं. तिच्यात फक्त पत्ते असतात. आचाऱ्याच्या खिशातल्या चिठ्ठीसारखं: डाळ खालच्या डब्यात, तिखट वरच्या फळीवर, तेल दाराआड. त्याच्या घरी त्या चिठ्ठीवर पंगत उठेल. तीच चिठ्ठी दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात नेली, तर ना डबा, ना फळी.

मी पहिल्यांदा औरादला जो नकाशा पाठवला, ती नुसती चिठ्ठीच होती. तिथल्या कार्यकर्त्याने समितीच्या सगळ्या लोकांना बोलावून, खुर्च्या मांडून, संगणक उघडला. पडद्यावर पांढरं मैदान आणि डाव्या बाजूला थरांच्या नावांपुढे लाल फुल्या. लोकांनी बराच वेळ ते मैदान बघितलं. एकाने विचारलं म्हणे, “आमचं गाव गेलं कुठं?” हे कळल्यावर मला जेवण गेलं नाही. मी स्वभावानेच तसा आहे. बस उशिरा आली तरी शेजारी उभ्या असलेल्या माणसाची माफी मागावीशी वाटते मला.

त्यानंतर मी नकाशा कोळारच्या खोक्यासारखा बांधू लागलो. सगळे थर एका फोल्डरात गोळा करायचे. पत्ते बदलायचे: ‘माझ्या घरच्या वरच्या फळीवर’ असं न म्हणता ‘याच पिशवीच्या खालच्या कप्प्यात’ असं म्हणायचं, म्हणजे पिशवी कुठेही गेली तरी पत्ता खरा राहतो. आमच्याकडे नावं मराठीत, कन्नडात आणि कुठे उर्दूतही. त्या अक्षरांचे फॉन्ट समोरच्याकडे नसले तर गावांच्या नावांचा किडामुंगी कचरा दिसतो, म्हणून फॉन्टही आत. वरून एक साधी चिठ्ठी, आधी काय उघडायचं ती सांगणारी. मग सगळं सीडीवर.

आणि सीडी झाली की रस्ता ओलांडून बसवराजअण्णांच्या दुकानात. बसवराजअण्णांचा लग्नपत्रिका छापायचा धंदा. त्यांच्या संगणकाला माझ्या नकाशांची काहीच ओळख नव्हती, म्हणूनच मला तो हवा होता. नकाशा बघण्यापुरतं सॉफ्टवेअर मी त्यावर घालून दिलं होतं, बाकी काही नाही. आपल्या घरात सगळंच उघडतं. परक्याच्या घरात उघडलं तर बांधणी खरी. अण्णा मला लांबूनच बघून म्हणायचे, “या. आज कुणाचं लग्न लावायलाव?” मी सीडी घालायचो, नकाशा उघडायचा, ते चष्म्यावरून बघून म्हणायचे, “नवरी चांगली हाय, पण मुहूर्त कुठं छापलाव?” चिडवत असत, पण गिऱ्हाईक उभं असलं तरी मला खुर्ची देत.

गिऱ्हाइकं माझ्याकडेही कमी नव्हती. एक गृहस्थ अख्खा नकाशा घेऊन जातो म्हणाले आणि सीडीवर नुसतं पडद्यावरचं चिन्ह ओढून घेऊन गेले. दुसऱ्या दिवशी येऊन म्हणाले, तुमचा नकाशा फार हलका आहे. एकाला शेजाऱ्याची विहीर वगळून नकाशा हवा होता. विहीर जमिनीवर आहेच ना, असं मी म्हटलं, तर म्हणाले, जमिनीवर असू द्या, माझ्या संगणकात कामून?

या सगळ्यांत मला सोजरअक्का जास्त आठवतात. त्यांच्यामुळे मला माझं काम थोडंफार कळलं.

भालकी तालुक्यात मेहकरच्या बाजूला धनगरांची एक वस्ती आहे. बहुतेक घरांनी मेंढ्या विकून शेती आणि मजुरी धरली होती. सोजरअक्कांच्या घरी मात्र अजून मोठा कळप होता. साठीच्या पुढच्या बाई, पाणलोट समितीच्या सभासद, डोळ्यांनी जरा कमी, जिभेने अजिबात नाही. त्यांचा धाकटा मुलगा पुण्याला कामाला गेला होता. थोरला मेंढ्यांमागे होता, पण त्याचाही पाय दारात होता.

वस्तीजवळच्या गायरानावर आम्ही समतल चर आखले होते. चर म्हणजे उताराला आडवे खड्डे, एकाखाली एक, पाणी अडवायला उत्तम. पण सुगी संपली की त्याच उतारावरून अक्कांचा कळप खाली आळंदकडे उतरायचा. तिकडचे शेतकरी मोकळ्या रानात मेंढ्या बसवून घेत, लेंडीखतासाठी, आणि बदल्यात धान्य देत. कितीतरी पिढ्यांची ती वाट होती, पण कुठल्याच कागदावर नव्हती. चर खणले की ती तुटणार होती. कोकरं चरांत पडणार, कळप अडणार.

अक्का मला म्हणाल्या, “दादा, ही वाट बुजली की थोरला बी मेंढ्या इकून पुण्याला जातोय बगा. मला सांगून ठेवलाय त्यानं. तुमच्या चराला माझं न्हाई म्हणणं न्हाई. पण वाट तेवढी सोडा.”

वाट सोडायची तर ती आधी नकाशात यायला हवी होती. मग मी हातात उपग्रहावरून जागा टिपणारं यंत्र घेऊन कळपामागे चाललो. संध्याकाळी ते संगणकाला जोडलं तर वाट अशी उमटली की, दारू पिऊन कुणी चाललं असावं. अक्का पडद्याला नाक लावून बघत म्हणाल्या, “ही आमची वाट न्हाई. ही तुम्ही ज्या बकरीमागं गेलाव तिची वाट.” दुसऱ्या दिवशी त्यांनी मला मेंढ्यांमागे नाही, स्वतःच्या मागे चालवलं. तेव्हा सरळ रेघ आली. तिचा वेगळा थर केला, नाव दिलं ‘मेंढवाट’, आणि खाली आळंद तालुक्यात मेंढ्या बसायच्या त्या रानांपर्यंत ती अक्कांनी सांगितली तशी ओढून नेली.

बांधताना एक अट होती. नकाशाखालचं उपग्रहाचं चित्र आम्हाला एका कचेरीने दिलं होतं आणि ते समितीला एकाच प्रतीत द्यायचं, असं मी लिहून दिलं होतं. मी अक्कांना सीडी दिली तेव्हा दोनदा बजावलं की, ही एकच, हिची दुसरी काढायची नाही. त्यांनी सीडी पदराआड घेतली आणि मान हलवली. ती मान होकाराची होती असं मी धरून चाललो.

आता मंजुरी. ती गुलबर्ग्याला, म्हणजे आताच्या कलबुर्गीला, एका साहेबांच्या हाती होती. दसरा झाला की बैठक, दिवाळीनंतर खोदाई. साहेबांनी वाटेशिवायच्या आराखड्यावर सही केली असती, तर पुढे काही करता येणार नव्हतं. मी संस्थेत आग्रह धरला होता की, नकाशा गावाचा आहे तर तो गावानेच न्यावा आणि गावानेच दाखवावा. तत्त्व चांगलं होतं. त्या तत्त्वापायी मी स्वतः रिकाम्या हाताने गेलो, हे मात्र मला साहेबांच्या खोलीत बसल्यावर जाणवलं.

अक्कांनी पिशवीतून सीडी काढली. तिच्यावर हळद होती. कुंकू होतं. मधोमध, भोकाभोवती, अक्षताही चिकटल्या होत्या. आणि हे सगळं चकचकीत बाजूला.

मी काही बोलण्याआधी त्याच म्हणाल्या, “आयुधपूजेला कोयता पुजला, काठी पुजली, पोराची फटफटी पुजली. मग हिला कामून वगळू? सगळ्यात मोठं काम तर हिलाच करायचंय.”

“पण अक्का, या बाजूला?”

“मग कोन्त्या? तोंडाला कुंकू लावतेत का पाठीला?”

सीडी कशी उघडायची त्याची चिठ्ठी मी आत घातली होती. तिचं तोंड कुठलं आणि पाठ कुठली हे लिहिलं नव्हतं. कोळारचा मुकादम आठवला. मी साहेबांची माफी मागितली, अक्कांची मागितली, शिपायाचीही मागितली, आणि नळावर जाऊन सीडी धुतली. अक्का शेजारी उभ्या राहून सांगत होत्या, हळू घासा, तुपातलं कुंकू हाय, निघत न्हाई लवकर. रुमालाने पुसून आत घातली. यंत्र घुर्र घुर्र करत फिरलं, थांबलं, परत फिरलं, आणि वाचता येत नाही असं सांगून सीडी बाहेर टाकली. परत घातली, परत बाहेर. बीदरला फोन लावला तर नकाशाखोलीला कुलूप, दसऱ्याची सुट्टी अजून संपलेली नव्हती.

साहेब कन्नड बोलणारे, आमच्याशी दखनी बोलायचे. सभ्य माणूस, पण पुढच्या गावांची माणसं बाहेर बाकावर बसलेली. त्यांनी विचारलं, सीडीत असं काय आहे जे छापील आराखड्यात नाही? मी टेबलावर बोट फिरवून सांगू लागलो: इथे वस्ती, इथून उतार, इथून वाट अशी खाली आळंदकडे. माझ्या बोटाकडे बघता बघता त्यांच्या कपाळाला आठी पडली. मला वाटलं, संपलं. ते संगणकाकडे वळले, दुसरंच एक फोल्डर उघडलं आणि पडदा आमच्याकडे फिरवला.

“ये लकीर क्या?”

पडद्यावर आळंद तालुक्यातल्या, कडगंचीच्या बाजूच्या एका गावाचा आराखडा होता. तो आमच्या संस्थेचा नव्हता. आणि त्यात माझी वाट होती. माझ्याच रंगाची, माझ्याच जाडीची. फक्त नाव कन्नडात होतं: कुरी दारी, म्हणजे मेंढवाटच. साहेबांनी आणखी एका गावाचा आराखडा उघडला. त्यातही तीच, पहिलीला जोडून.

“ये मेरे पास पैलेच आई है,” साहेब म्हणाले. “मैं समझा, कोई पुराना रस्ता होगा. दो गाँव का एक सरीका कैसा आया बोल के सोच रहा था.”

मी अक्कांकडे बघितलं. त्या पडद्यावरची रेघ ओळखीचं माणूस भेटावं तशी बघत होत्या. मी हळूच विचारलं, “अक्का, सीडीच्या प्रती काढल्यात?”

“व्हय की. भालकीला लग्नाच्या सीड्या काढून देणारा स्टुडिओ हाय न्हवं, त्यानं काढून दिलं. मेंढ्या जितं जितं बसत्यात तितल्या गावाला पाहुण्यांच्या हातानं एकेक धाडलं. सांगून धाडलं, तुमच्या नकाशात ही वाट घ्या, न्हाईतर औंदा मेंढ्या तुमच्या रानात बसायच्या न्हाईत.”

“मी एकच म्हटलं होतं अक्का.”

“दादा, वाट काय एका गावाची असतीया व्हय? मी इथली सोडवून घेतली आन् म्होरच्यानं चर खणलं, तर मेंढ्या काय उडून जात्यात? वाट जितकी लांब, नकाशा तितका लांब गेला पायजे.”

मला तेव्हा दोन गोष्टी एकदम वाटल्या. एक भीती, कारण मी लिहून दिलं होतं आणि ते मोडलं गेलं होतं. दुसरी, सांगायला लाज वाटते, पण आनंद. त्या गावांच्या आराखड्यांवर काम करणारे मला ओळखत नव्हते. त्यांनी माझी सीडी त्यांच्या संगणकांत घातली होती, आणि ती उघडली होती. लाल फुल्या नाहीत, पांढरं मैदान नाही. त्यांना मला एक शब्दही विचारावा लागला नव्हता. बसवराजअण्णांच्या दुकानात मी ज्यासाठी खुर्ची अडवून बसायचो, ते माझ्या माघारी, माझ्या नकळत होऊन गेलं होतं.

तरी मी साहेबांना सगळं सांगितलं. चित्राची अट, एका प्रतीचं लिहून दिलेलं, स्टुडिओ, पाहुणे. ते ऐकून घेत राहिले. मग म्हणाले, त्याचा मराठीत सारांश असा की, चित्र कचेरीचं आहे, पण रेघ या बाईंची आहे. पुढच्या वेळी दोन पिशव्या बांधा. चित्राची वेगळी, ती जपून द्या. रेघेची वेगळी, ती कुणालाही द्या. चित्राबद्दल त्यांनी त्या कचेरीला फोन करून मला तिकडे जायला सांगितलं. मी गेलो, बोलणी खाल्ली, ती खायला हवी होतीच. तेव्हापासून आजवर मी नकाशा दोन पिशव्यांत बांधतो. इतकी साधी गोष्ट मला त्याआधी सुचली नव्हती.

साहेबांनी तिन्ही आराखड्यांवर लिहिलं की, वाटेच्या जागी चर तोडावेत. अक्कांना अंगठा नको होता, त्यांनी सही केली, सावकाश, प्रत्येक अक्षर मोठं. परतीच्या बसमध्ये त्या मला म्हणाल्या की, तुम्ही लई माफी मागता, त्यानं समोरच्याला उगाच शंका येते.

खोदाई झाल्यावर थंडीत मी वस्तीवर गेलो. उतारावर चर ओळीने पडले होते आणि मधे वाट मोकळी होती. मोकळी म्हणजे किती, तर मी बघत राहिलो. बैलगाडीचा रस्ता जाईल एवढी पट्टी असावी असं माझ्या मनात होतं. इथे चांगलं शेत मावेल एवढं रान मोकळं पडलं होतं.

घोळ माझ्या लक्षात यायला वेळ लागला नाही. संगणकावर रेघेची जाडी नुसती डोळ्यांसाठी असते. जमिनीशी तिचा संबंध नाही. अक्कांना दिसावी म्हणून मी मेंढवाट चांगली ठसठशीत काढली होती. खोदाईवरच्या मुकादमाने मी नंतर बीदरहून पाठवलेला नकाशा छापून घेतला, त्यावर पट्टी ठेवली, रेघ किती जागा झाकते ते मोजलं, आणि तेवढी जमीन इमानेइतबारे सोडून दिली. रेघ किती रुंद धरायची हे मी कुठेच लिहिलं नव्हतं. कितीतरी चर त्यामुळे कमी झाले होते. मी अक्कांना सांगितलं की, चूक झाली आहे, मी साहेबांकडे जाऊन दुरुस्त करून घेतो, नवी प्रत बांधतो, बारीक रेघेची.

थोरला मुलगा कळप घेऊन निघालाच होता. मेंढ्या त्या रुंद पट्टीत पसरून, चरत, रमतगमत उतरत होत्या. मेंढ्यांची कुठलीही वाट इतकी ऐसपैस मी पाहिली नव्हती. अक्का कपाळावर हात धरून त्यांच्याकडे बघत होत्या.

“दादा,” त्या म्हणाल्या, “पैल्या वाटंनं मेंढ्या नुस्त्या जायच्या. आता चरत चरत जायल्यात. थोरला म्हनलाय, औंदा पुण्याचं बघू नंतर. तुम्ही त्या रेघंला हात लावायला जाऊ नका.”

मी साहेबांकडे गेलो नाही. आयुष्यात कळून सवरून दुरुस्त न केलेली माझी ती एकच चूक असेल. त्यानंतर मेंढवाटेचा थर कित्येक गावांना बांधून दिला, दोन पिशव्यांत, फॉन्टसकट, चिठ्ठीसकट, सीडीची पाठ कुठली तेही लिहून. रेघेची जाडी मात्र होती तेवढीच ठेवली.